वायफाय लागतंय पण नेट चालत नाही? आधी हे बघा
परवा इंदूरला राजवाड्याजवळ मावसभावाच्या कापडाच्या दुकानात नवा फायरवॉल (बाहेरचं नेट आणि दुकानातलं नेटवर्क यांच्या मधला पहारेकरी डबा) बसवला, मोबाईलवर वायफायच्या पूर्ण दांड्या आणि नेट मात्र ठप्प, तासभर डोकं खाल्लं तेव्हा कळलं की नेटवाल्याच्या राउटरकडून फायरवॉलच्या वॅन पोर्टला (बाहेरच्या नेटची बाजू) १९२.१६८.१.५ हा आयपी मिळालाय आणि आत लॅनलाही (दुकानातलं नेटवर्क) मी तीच १९२.१६८.१.० ची रेंज देऊन बसलोय. दोन्हीकडे एकच रेंज, मग त्या बिचाऱ्यानं पॅकेट पाठवायचं कुठल्या बाजूला! लॅन १९२.१६८.५०.०/२४ केलं आणि लगेच चालू झालं.

गेस्ट वायफायला वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवर चालणारं वेगळं नेटवर्क) आणि वेगळी रेंज द्याच, नाहीतर गिऱ्हाईक चहा पिता पिता बिलिंगच्या पीसीपर्यंत पोचेल. मग त्यावर डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) सुरू करा, फायरवॉलच्या नियमांत गेस्ट ते लॅन डिनाय, गेस्ट ते वॅन अलाऊ आणि त्यातच नॅट (आतले आयपी बाहेर जाताना वॅनच्या आयपीत बदलणं) चालू, हेच नेमकं विसरायला होतं. ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावलेल्या स्विच पोर्टवर गेस्टचा व्हीलॅन टॅग्ड (पॅकेटवर व्हीलॅनचा नंबर लावलेला) हवा, तो राहिला की विंडोज लॅपटॉपला १६९.२५४ नी सुरू होणारा आयपी दिसतो, म्हणजे डीएचसीपी पोचतच नाहीये.

आणि हो, नेटची दोन कनेक्शनं असली तर बॅकअपवाल्या डिफॉल्ट रूटचा (बाहेर जायचा रस्ता) मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) जास्त ठेवा, कमीवाला आधी वापरला जातो.