बंदिवानांच्या छळाला मनाई करणारा कायदा वाचताना या चुका टाळा

इराकमधील अबू घरेब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी बंदिवानांचा केलेल्या छळाची छायाचित्रे २००४ मध्ये जगासमोर आली. त्यानंतर, व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ स्वतः युद्धकैदी राहिलेले सिनेटर जॉन मॅकेन यांनी मांडलेली दुरुस्ती अमेरिकेच्या सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी स्वीकारली आणि ३० डिसेंबर २००५ रोजी तिला कायद्याचे रूप मिळाले. ‘छळावर बंदी आली’ एवढे सांगून या कायद्याविषयी थांबणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण त्यात व्याप्तीने वेगळ्या अशा दोन तरतुदी आहेत. अमेरिकी सरकारच्या ताब्यातील कोणालाही, तो कोणत्याही देशाचा असो वा कोठेही ठेवलेला असो, क्रूर, अमानुष किंवा अवमानकारक वागणूक देण्यास एक तरतूद मनाई करते. चौकशीच्या पद्धती लष्करी नियमपुस्तिकेपुरत्या मर्यादित करणारी दुसरी तरतूद मात्र संरक्षण खात्याच्या ताब्यातील बंदिवानांनाच लागू होती. अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए तिच्या बाहेर राहिली, आणि माझ्या मते कायद्याची खरी पळवाट इथेच होती. ती बुजवणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मार्च २००८ मध्ये नकाराधिकार वापरला. जानेवारी २००९ मध्ये ओबामा यांनी आदेश काढून सीआयएलाही तीच पुस्तिका बंधनकारक केली. पण आदेश पुढचा राष्ट्राध्यक्ष मागे घेऊ शकतो, म्हणून त्याला कायदा समजू नये.

छळ आणि क्रूर वागणूक हे शब्द एकाच अर्थाने वापरणेही टाळावे. १९८४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही त्यांची कलमे वेगळी आहेत. ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने, शारीरिक वेदना अवयव निकामी होण्याइतकी किंवा मृत्यूसमयी होणाऱ्या वेदनेइतकी तीव्र असेल तरच तो छळ, असा अर्थ लावला होता. तो मत-अहवाल २००४ मध्ये मागे घेण्यात आला खरा, परंतु व्याख्या आवळून माणसाचे संरक्षण कसे काढून घेता येते हे त्याने दाखवून दिले. त्यामुळेच क्रूर वागणुकीवरील स्वतंत्र मनाईला मोल आहे.

बंदिवान रीतसर युद्धकैदी नसेल तर त्याला संरक्षणच नाही, हा समजही चुकीचा आहे. युद्धकाळातील वागणुकीचे नियम घालणाऱ्या चारही जिनिव्हा करारांत सारखेच असलेले, म्हणजे सामाईक, तिसरे कलम त्यालाही लागू होते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००६ मध्ये हमदान खटल्यात स्पष्ट केले.

मनाईचे कलम वाचून तिथेच थांबू नये, पुढची पानेही वाचावीत. २००५ च्या त्याच कायद्याने, अधिकृत परवानगी असलेली कृती सद्भावनेने कायदेशीर मानणाऱ्या अधिकाऱ्यांना बचाव दिला आणि क्युबातील ग्वांतानामो येथील अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या बंदिवानांना बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे आपली कैद कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावे असा, अर्ज करण्यास मज्जाव केला. छळ झालेल्या माणसाला न्यायाधीशासमोर उभेच राहता येत नसेल, तर मनाई मोडली हे तो कोणाला सांगणार? २००६ च्या कायद्याने पुन्हा बंद केलेली ही वाट सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बूमेडीन खटल्यात मोकळी केली. नियमपुस्तिकेची मर्यादा सर्व सरकारी यंत्रणांच्या ताब्यातील सशस्त्र संघर्षातील बंदिवानांना कायद्यानेच लागू झाली ती नोव्हेंबर २०१५ मध्ये. त्याच तरतुदीने अशा बंदिवानांची माहिती रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला देणे आणि त्यांना भेटू देणे बंधनकारक केले.