टॉवेल कारखान्यातली ‘एसएसएल एरर’ शोधायला निघण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून फोन येतो, ‘काल रात्रीपासून बिलं खरेदीदाराच्या सर्व्हिसला जातच नाहीत.’ बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर जावावर चालतं आणि खरेदीदाराच्या सर्व्हरशी एसएसएलने, म्हणजे आजच्या टीएलएस या कूटबद्ध जोडणीने बोलतं; त्यात समोरच्याची ओळख सर्टिफिकेटवरून पटवली जाते. गाडीला किल्ली लावण्याआधी एररचा पूर्ण मजकूर मागवा. मोबाइलवर काढलेला अर्धवट फोटो नको, लॉगची फाइलच हवी, अगदी शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ ओळीपर्यंत. खरं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ असेल तर सर्टिफिकेटची साखळी (सर्व्हरच्या सर्टिफिकेटपासून आपल्या विश्वासातल्या रूट सर्टिफिकेटपर्यंतची) जुळत नाही. ‘हँडशेक फेल्युअर’ असेल, म्हणजे जोडणीची सुरुवातीची बोलणीच फिसकटली असतील, तर टीएलएसची आवृत्ती, सायफर (कूटबद्ध करण्याची पद्धत) किंवा आपली ओळख देणारं क्लायंट सर्टिफिकेट बघायचं. ‘कनेक्ट टाइम्ड आउट’ असेल तर सर्टिफिकेटला हातही लावू नका, आधी फायरवॉल आणि प्रॉक्सी (इंटरनेटच्या वाटेवरचा मधला सर्व्हर) तपासा. हे न बघता सर्टिफिकेटं इम्पोर्ट करत सुटणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का, तेही फोनवरच विचारून घ्या. वीज गेली, यूपीएस संपला आणि मदरबोर्डवरचा सेल मेलेला असला, की मशीन जुन्या तारखेला जागं होतं. मग कालपर्यंत चालणारं सर्टिफिकेट जावाला ‘अजून लागू झालेलं नाही’ असं दिसतं. म्हणून एक नवा बटण सेल बॅगेत असू द्या.

जावाची आवृत्ती विचारताना थोडं खोलात जा. एकाच मशीनवर दोन-तीन जावा असतात. कमांड प्रॉम्प्टवर दिसते ती एक आणि टॉमकॅट, म्हणजे सॉफ्टवेअर चालवणारा जावा सर्व्हर, चालतो तो दुसऱ्यावर. चालू प्रोसेसचा पाथ लिहून घ्या. जावा 7 ला टीएलएस 1.2 येतं, पण तिच्या जुन्या अपडेट्समध्ये क्लायंट म्हणून ती ते आपणहून वापरत नाही. उलट एप्रिल 2021 च्या अपडेटपासून, म्हणजे 8 अपडेट 291 आणि 11.0.11 पासून, जावात टीएलएस 1.0 आणि 1.1 मुळातच बंद ठेवले गेले. समोरचा सर्व्हर जुना आणि आपली जावा नवी, अशीही गाठ पडते.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते ‘ब्राउझरमध्ये तर उघडतंय!’ हे वाक्य. सर्व्हरने मधलं, म्हणजे इंटरमीडिएट सर्टिफिकेट पाठवलं नाही, तरी ब्राउझर बऱ्याचदा ते स्वतः मिळवतो. जावा आपणहून तसं करत नाही. त्यामुळे ओपनएसएसएल या टूलच्या ‘एस क्लायंट’ कमांडने सर्व्हर नेमकी किती सर्टिफिकेटं पाठवतोय ते ऑफिसातूनच बघा. मधलं गायब असेल तर दुरुस्ती खरेदीदाराच्या आयटीवाल्यांकडे आहे. तो आउटपुट त्यांना निघण्यापूर्वीच मेल करा. कारखान्यात जाऊन हीच कमांड पुन्हा चालवा. तिथे सर्टिफिकेट देणारा वेगळाच दिसला, तर मध्ये अँटिव्हायरस किंवा प्रॉक्सी बसलेला आहे.

पेन ड्राइव्हवर लागणारी रूट आणि मधली सर्टिफिकेटं घ्या. ‘सीएसर्ट्स’ फाइलची, म्हणजे जावाच्या विश्वासू सर्टिफिकेटांच्या साठ्याची, प्रत काढल्याशिवाय कीटूल (त्यात सर्टिफिकेट घालणारी कमांड) चालवू नका. तिचा मूळ पासवर्ड ‘चेंजइट’ असतो. स्टार्टअपच्या सेटिंगमध्ये कुणी वेगळा ट्रस्टस्टोअर दिला आहे का तेही बघा. दिला असेल तर मूळ सीएसर्ट्स वाचलीच जात नाही आणि तिच्यात घातलेलं सर्टिफिकेट वाया जातं. ट्रस्टस्टोअर आणि कीस्टोअर यांची गल्लत नको: पहिल्यात आपण कोणावर विश्वास ठेवतो ते, दुसऱ्यात आपली स्वतःची ओळख.

जोडणीचा तपशीलवार लॉग हवा असेल तर ‘जावाएक्स डॉट नेट डॉट डीबग’ या जावाच्या सेटिंगला ‘एसएसएल, हँडशेक’ हे मूल्य देऊन सर्व्हिस पुन्हा सुरू करावी लागते, तेव्हा वेळ आधी ठरवून घ्या. सर्टिफिकेटची तपासणीच बंद करणारा ‘ट्रस्ट ऑल’ कोड मात्र कोणी कितीही घाई केली तरी टाकू नका. त्या वाटेने कारखान्याचे दर आणि बँकेचे तपशील जातात, आणि मध्ये बसलेल्या कोणालाही ते वाचता येतील.

शेवटी अकाउंट्सवाल्या ताईंना अडकलेल्या बिलांची यादी काढून ठेवायला सांगा. ‘रीड टाइम्ड आउट’, म्हणजे वेळेत उत्तर न आल्याची एरर, आलेलं बिल समोर पोहोचलेलंही असू शकतं. त्यामुळे प्रत्येक नंबर खरेदीदाराकडून पडताळून मगच पुन्हा पाठवा.