लग्नात पाठीशी उभ्या राहणाऱ्या मित्रांसाठी घडीचा चाकू कसा निवडावा

नवरदेवासोबत राबणाऱ्या चार-सहा मित्रांना पारंपरिक घडीचा चाकू द्यायचा ठरला, की बहुतेक जण आधी मुठीचा रंग पसंत करतात आणि लगेच नावं कोरायला टाकतात. क्रम उलटा हवा. या चाकूंची जुळणी बरीचशी हातानं होते, त्यामुळे एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे दोन नग उघडताना सारखे लागतीलच असं नाही. आणि नाव कोरलेला नग कुणी परत घेत नाही. म्हणून नग हातात घेऊन तपासणं आधी, कोरीवकाम सगळ्यात शेवटी. लग्नाच्या दोन महिने आधी मागवा आणि मित्रांपेक्षा एक नग जास्तच मागवा.

१. आधी कायदा, मग लांबी

या चाकूंमध्ये सहसा खटका, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर अडकवून धरणारी कळ, नसते. मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी पात्याच्या बुडावर दाब देते आणि त्या दाबावरच पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. बऱ्याच ठिकाणी खटक्याचा चाकू आणि बिनखटक्याचा चाकू यांचे नियम वेगळे असतात, म्हणून प्रत्येक मित्र राहतो तिथला नियम पाहून घ्या. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये बिनखटक्याचा, ३ इंच (७.६२ सेंमी) किंवा त्याहून कमी धारेचा घडीचा चाकू विशेष कारण नसतानाही जवळ बाळगता येतो. ओपिनेलचा लोकप्रिय ८ नंबर तिथे दोन्ही अंगांनी अडकतो: पातं ८.५ सेंमी, शिवाय पातं जागेवर धरणारं फिरतं कडं, जे या कंपनीनं १९५५मध्ये आणलं.

मिटलेली लांबी ८ ते ९.५ सेंमी असली की चाकू खिशात सुखानं राहतो. त्याहून मोठा चाकू रोजच्या पँटमधून बाहेर पडतो आणि कपाटात जातो.

२. आकार

ट्रॅपर, स्टॉकमन आणि बार्लो ही या चाकूंच्या ठरलेल्या आकारांची नावं. दोन लांब पात्यांचा ट्रॅपर दिसायला देखणा, पण मिटवून साधारण १०.५ सेंमी भरतो. स्टॉकमनला तीन पाती: टोकदार रोजचं पातं, सरळ धारेचं बोथट टोकाचं पातं (खोकी आणि सुतळी कापायला याच्यासारखं दुसरं नाही) आणि गोलसर टोकाचं तिसरं. हे तिसरं मुळात जनावरांच्या खच्चीकरणासाठी केलेलं. शहरातला मित्र त्यानं पाकिटं फोडेल. बार्लोला एक किंवा दोन पाती आणि मुठीच्या पुढच्या टोकावर लांब धातूचं टोपण असतं. चाकू कधीच न वापरलेल्या माणसाला बार्लो द्यावा: कमी पाती, कमी गोंधळ, आणि कोरायला जागा भरपूर.

सगळ्यांना एकच आकार द्या, मुठी वेगवेगळ्या चालतील. उलट केलंत, तर कुणाचा मोठा आणि कुणाचा लहान याची तुलना तिथेच सुरू होईल.

लॅगिओल हा फ्रेंच धाटणीचा चाकू घ्यायचा असेल तर पाठीवरची माशी पाहून भुलू नका. ती माशी आणि ते नाव जगभरातल्या स्वस्त नकलांवरही असतं. चाकू कोणत्या कारखान्यात बनला, तेवढंच विचारा.

३. पोलाद

कार्बन स्टील धारेच्या दगडावर लवकर पाजळतं, पण लिंबू-कांदा कापला की करडं पडतं आणि ओलं राहिलं की गंजतं. करडेपणा निरुपद्रवी आहे, तांबूस गंज नाही. चाकू पुसून ठेवण्याची सवय असलेल्यालाच कार्बन द्या, बाकीच्यांना स्टेनलेस. आणि कातडी म्यानातच ठेवून देऊ नका. कातडं दमटपणा धरतं, पात्यावर आणि पितळेवर डाग पडतात.

४. मूठ

हाड, शिंग, लाकूड किंवा मायकार्टा (राळेत दाबून घट्ट केलेले कापडाचे किंवा कागदाचे थर). हाडाची आणि शिंगाची मूठ सुंदर दिसते, पण डिशवॉशरमध्ये किंवा तापलेल्या गाडीत रिव्हेटपाशी तडकते. लाकूड पाण्यानं फुगतं. भिजलेल्या ओपिनेलचं पातं मुठीत असं रुतून बसतं, की नखानं निघतच नाही. मायकार्टाला यातलं काही होत नाही, फक्त ती भेटवस्तूसारखी कमी दिसते.

५. नग तपासणं

इथे घाई नको. एकेक नग घेऊन बसा.

चाकू मिटलेला असताना उजेडासमोर आडवा धरा. पाठीची पट्टी आणि बाजूचे पितळी पत्रे यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर जुळणी सैल आहे. मग वरून पाहा: पातं मधोमध बसलंय की एका पत्र्याला घासतंय? घासत असेल तर पात्यावर बारीक ओरखडे आधीच उमटलेले दिसतील. बहुपात्यांच्या चाकूत थोडी घसट चालते, एकपात्यात चालवून घेऊ नका.

आता नखाच्या खाचेत नख घालून उघडा. बऱ्याच चाकूंत पातं अर्ध्यावर, काटकोनात, थांबतं. नवख्यासाठी ही सोय मोठी: मिटवताना तिथे बोटं बाजूला घ्यायला वेळ मिळतो. स्प्रिंग इतकी ताठ नको की नख तुटेल. तशा चाकूशी झटापट करतानाच बोट कापतं. इतकी ढिलीही नको, की पातं हलवल्यावर आपोआप झुकेल. पूर्ण उघडून पातं चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. केसभर हालचाल ठीक, टकटक जाणवली तर परत करा.

शेवटी सावकाश मिटवा आणि मग बोटानं पातं किंचित खाली दाबा. दाबल्यावर धार आतल्या पट्टीला टेकत असेल, तर दर वेळी खाडकन मिटवताना धारेचा तेवढाच तुकडा बोथट होणार. हा दोष दुकानात दिसत नाही, महिन्याभरानं कागद कापताना कळतो. सांध्यात अन्नयोग्य खनिज तेलाचा एक थेंब सोडा. खाद्यतेल नको, ते काही काळानं चिकट होतं.

६. कोरणं

बार्लो सोडला तर धातूचं टोपण साधारण सेंटिमीटरभरच असतं, म्हणून तिथे आद्याक्षरं पुरतात. तारखेची जागा पात्यावर. पात्यावर लेझर चालतं. हाडाच्या खडबडीत मुठीवर मात्र अक्षरं तुटक उमटतात, तिथे नको. मजकूर कागदावर लिहून द्या, आणि पहिलं काम त्या जास्तीच्या नगावर करून बघा.

७. देणं

धारदार वस्तू भेट दिली की मैत्री तुटते, असं अनेक देशांत मानतात. उपायही ठरलेला आहे: डबीत एक नाणं ठेवायचं आणि मित्रानं ते परत द्यायचं, म्हणजे चाकू विकत घेतल्यासारखा होतो. मानत नसलात तरी नाणं ठेवा, कुणाची तरी आई मानत असते. डबीत तेलाची छोटी बाटली आणि पुसायचं फडकंही घाला.

भेट आदल्या संध्याकाळी द्या, मद्याचे पेले भरण्याआधी. समारंभाच्या जागी दारावर तपासणी असेल, तर चाकू खोलीतच राहू द्या. विमानानं परतणाऱ्याला डबी देतानाच बजावा, की ती चेक-इनच्या बॅगेत जाईल. हातातल्या बॅगेत राहिली, तर कोरलेल्या नावासकट सुरक्षा तपासणीतच सोडावी लागेल.