या चुका टाळा: विदर्भातल्या उघड्या रस्त्यांवर आणि जुन्या धावपट्ट्यांवर वारा ओळखताना

सकाळी सात वाजता लिंबाचं पान हलत नाही. मग आज वारा नाही असं ठरवून माणसं निघतात. मे महिन्यात अकोल्याहून पूर्वेला मूर्तिजापूरकडे सायकलने किंवा स्कूटीने जाणाऱ्यांची ही सर्वात मोठी चूक. जाताना रस्ता सोपा जातो. दुपारी परतताना पश्चिमेचा तापलेला वारा थेट तोंडावर येतो, सायकल ओढवत नाही, जवळचं पाणी अर्ध्या वाटेतच संपतं. ‘वारा अचानक सुटला’ असं सगळे सांगतात. पण तो अचानक सुटलेला नसतो, त्याची वेळ ठरलेली असते.

रात्री जमीन थंड होते. तिच्यालगतची हवा जड होऊन तळाशी बसते आणि वरचा वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो. सकाळची शांतता ही अशी असते: वारा असतो, फक्त आपल्यापर्यंत पोचलेला नसतो. ऊन चढलं, काळी जमीन तापली, की हवा खालीवर घुसळली जाते आणि वरचा वारा रस्त्यावर उतरतो. उन्हाळ्यात नऊ-दहा वाजल्यापासून तो जाणवू लागतो, दोन ते चारच्या सुमारास त्याचा जोर सर्वात जास्त असतो, दिवस मावळताना तो पडतो. पावसाळ्यात ढगांमुळे हा फरक कमी होतो आणि जूनमध्ये तर रात्रीही वारा चालूच राहतो.

दिशेचंही तसंच आहे. मार्च ते मे वारा मुख्यतः वायव्य-पश्चिमेकडून येतो, पावसाळ्यात नैऋत्य-पश्चिमेकडून. दिवाळीच्या आसपास तो फिरतो आणि हिवाळ्यात ईशान्य-पूर्वेकडून मंद वाहतो. म्हणून उन्हाळ्यात जाऊन-येऊन प्रवास करायचा असेल आणि दिशा निवडायची मोकळीक असेल, तर पहाटे पश्चिमेकडे जा आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन परत या. मूर्तिजापूरच्या माणसाला अकोल्याचं काम सोयीचं, अकोल्याच्या माणसाला मूर्तिजापूरचं गैरसोयीचं. अशा वेळी अकोल्याच्या माणसाने काम दहाच्या आत उरकावं, नाहीतर परतीला दिवस मावळतीला येईपर्यंत थांबावं. मधली वेळ टाळणं हाच खरा उपाय आहे. दम लावून वाऱ्याशी भांडण्यात काही अर्थ नाही.

आडव्या वाऱ्याला समोरच्या वाऱ्यापेक्षा कमी लेखणं

पूर्व-पश्चिम रस्त्यावर वारा थकवतो. दक्षिणोत्तर रस्त्यावर तो पाडतो. नागपूरहून हिंगणघाट, वडकी, पांढरकवड्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ घ्या. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही तिथे वारा बाजूने लागतो. रस्ता भरावावर उंच, दोन्हीकडे मोकळी वावरं आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) रांगा. वारा अडवायला काही नाही. भराव चढताना वाऱ्याचा वेगही वाढतो. खाली वावरात उभ्या माणसाला जो वारा लागतो, त्यापेक्षा वर गाडीवरच्या माणसाला जास्त लागतो.

दुचाकीवाला नकळत वाऱ्याच्या बाजूला झुकून चालवतो. मग तो ट्रकच्या आडोशाला येतो, वारा एकदम थांबतो आणि झुकलेली गाडी ट्रककडे ओढली जाते. ट्रक मागे पडला की वारा पुन्हा धडकतो आणि गाडी उलट्या बाजूला फेकली जाते. हे धक्के दोन आहेत, आणि बहुतेक जण पहिल्यातून सावरले की सैल पडतात. ओलांडायच्या आधी वेग थोडा उतरवा, ट्रकपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, हँडल घट्ट आवळू नका. खांदे सैल असले की गाडी स्वतः सावरते. पुलावर शिरताना आणि दाट झाडी संपते तिथेही असाच धक्का बसतो. वर्धा नदीच्या पुलाआधी हात तयार ठेवा.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, हे डोक्यात पक्कं बसवा. ताशी २० किलोमीटरचा वारा ४० झाला तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. कापसाची उंच भरलेली गाडी किंवा कुटाराची (भुशाची) ट्रॉली सकाळी सरळ चालते आणि दुपारी डुलू लागते, ती यामुळे. माल तोच, रस्ता तोच. अशी वाहतूक पहाटे करा, भर कमी उंच ठेवा आणि ताडपत्रीच्या सगळ्या कडा बांधा. एक सुटी कड पुरते.

ॲपमधला आकडा आणि बाण

हवामानात ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा. पण कित्येक ॲपमधला बाण वारा जिकडे जातो तिकडे टोक करतो. एकदा घराबाहेर उभं राहून ताडून पाहा. एककही बघा: १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६. सरासरी वेगापेक्षा झोताचा (‘गस्ट’चा) आकडा महत्त्वाचा. गाडी झोतानेच हलते.

धावपट्टी वाऱ्यातच असते, असा समज

बिरसी, अकोल्याजवळची शिवणी, अमरावतीजवळचं बेलोरा: विदर्भात धावपट्ट्यांची गावं बरीच आहेत. गोंदियाजवळची बिरसीची पट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. पट्टी वाऱ्याच्या दिशेने आखतात हे खरं, पण त्यावरून ‘पट्टीवर वारा नेहमी सरळच वाहतो’ असं समजू नका. आखणी वर्षभराच्या नोंदींवरून होते. आडव्या वाऱ्याच्या मर्यादेत राहून किमान ९५ टक्के वेळ पट्टी वापरता यावी, एवढंच आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. उरलेल्या वेळी आडवा वारा मर्यादेबाहेर जाऊ शकतो. लहान पट्टीला ही मर्यादा १० नॉट धरतात, म्हणजे ताशी जेमतेम १९ किलोमीटर. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी तेवढा वारा सहज असतो.

पट्टीच्या टोकाला लिहिलेला आकडा चुंबकीय दिशा दाखवतो, अंशांतला शेवटचा शून्य काढून. नागपूरची पट्टी १४/३२ आहे, म्हणजे आग्नेय-वायव्य. ३२ लिहिलेल्या टोकावरून धावणारं विमान वायव्येकडे, साधारण ३२० अंशांकडे, जातं. वाऱ्याची कापडी पिशवी असेल तर तिचं रुंद तोंड वारा येतो तिकडे असतं आणि शेपूट जातो तिकडे. इमारतीच्या आडोशाला उभं राहून वारा ठरवू नका, मोकळ्यावर जा.

बंद किंवा कमी वापराच्या पट्ट्यांवर पोरं गाडी शिकायला किंवा छोटी मॉडेल विमानं उडवायला जातात. आधी परवानगी घ्या, ती सरकारी जागा असते.

वळवाच्या दिवसांत, एप्रिलपासून मृग लागेपर्यंत, चारनंतर तिथे थांबूच नका. वळिवाचा ढग जवळ आला की वर सांगितलेलं सगळं वेळापत्रक मोडतं. पश्चिमेचा वारा पडतो, उकाडा दाटतो, मग ढगाखालून कोसळलेली थंड हवा धुळीसकट कुठल्याही बाजूने येते, पूर्वेकडूनसुद्धा. ही मधली शांतता म्हणजे वारा थांबला असं समजणं जिवावर बेततं. सपाट पट्टीवर सर्वात उंच वस्तू माणूस असतो आणि वीज उंच वस्तू शोधते. कारमध्ये काचा लावून बसा किंवा पक्क्या इमारतीत जा. रस्त्यावर असाल तर बाभळीखाली, होर्डिंगखाली, टिनाच्या छपराखाली थांबू नका.

धुरा (शेताचा बांध) पेटवून घरी जाणं

शेतकऱ्यांसाठी ही चूक मुद्दाम लिहितो, कारण ती पूर्ण टळू शकते. धसकटं आणि धुऱ्यावरचं गवत शक्यतो जाळूच नये, कुजवावं. तरी लोक पेटवतात, आणि तेही सकाळी, वारा नाही म्हणून. दहा वाजता वारा उतरतो. तोवर विझल्यासारखी दिसणारी राख पुन्हा धरते, आग शेजारच्या वावरात उडी मारते आणि धूर रस्त्यावर आडवा पडतो. त्या धुरात मागचा ट्रक पुढच्या दुचाकीला पाहू शकत नाही. पेटवलंच असेल तर रस्त्याच्या बाजूला माती ओढा, पाण्याचा पंप हाताशी ठेवा, आणि दहाच्या आत निखारा उकरून, पाणी ओतून, हात लावून राख थंड असल्याची खात्री केल्याशिवाय वावर सोडू नका.