घरच्यासाठी बोकड-कोंबडी पाळून कापायची असेल तर काय पाहावं: कायदा, जागा आणि वाटे

दारात चार शेळ्या, डालग्याखाली पाच-सहा गावरान कोंबड्या आणि वर्षातून एखादी कंदुरी (नवसाचं मटणाचं जेवण) किंवा जावळ, अशी घरं मराठवाड्यात गावोगाव आहेत. स्वतःच्या खाण्यासाठी स्वतःचा बोकड कापणं गुन्हा नाही. प्राण्यांच्या क्रूर वागणुकीविरुद्धचा 1960 चा कायदाही अन्नासाठी जनावर मारायला मोकळीक देतो, फक्त त्याला विनाकारण वेदना होता कामा नयेत. पण जनावर कोणतं, जागा कुठली आणि मटण घरातच राहणार की पैसे घेऊन बाहेर जाणार, हे बदललं की कायदाही बदलतो. म्हणून आधी जनावरापासून सुरुवात करा.

1. कोणतं जनावर चालतं, कोणतं नाही

गाय, वळू, बैल आणि त्यांची वासरं कापायला महाराष्ट्रात पूर्ण बंदी आहे. 1976 च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमात आधी गाय होती; मार्च 2015 पासून बैल आणि वळूही आले. जात देवणी असो की लाल कंधारी, म्हातारा असो की पाय मोडलेला, सवलत नाही. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. एवढंच नाही, कत्तलीसाठी म्हणून विकणं, विकत घेणं आणि वाहून नेणंही याच कायद्यात गुन्हा आहे. भाकड किंवा थकलेला बैल बाजारात देताना शेतकरी इथंच अडकतो. घेणारा कोण, त्याचं गाव कोणतं आणि कशासाठी घेतो हे पावतीवर लिहून घ्या, त्याच्या आधार कार्डाची प्रत ठेवा.

म्हैस आणि तिची पिल्लं सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्याशिवाय कापता येत नाहीत, आणि तीही ठरवून दिलेल्या जागीच. घरगुती कामासाठी या वाटेला जाऊच नये.

शेळी-बोकड, मेंढी, कोंबडी, बदक आणि पाळलेलं डुक्कर यांवर अशी बंदी नाही. शिवारातलं मात्र काहीच आपलं नसतं. ससा, तितर, रानडुक्कर, घोरपड, मोर, काळवीट हे सगळे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्याच हरभऱ्यात शिरलेलं रानडुक्कर परवानगीशिवाय मारलं, तरी ती शिकारच ठरते.

2. घेताना आणि आणताना

बाजारातून घेतलेल्या प्रत्येक जनावराची पावती ठेवा. चोरीची शेळी नकळत विकत घेतली तर पावतीच आपल्याला वाचवते. कानातला 12 अंकी बिल्लाही तपासा. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ला नसलेल्या पशुधनाच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे, आणि वीज पडून किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर गेलं तर भरपाईसाठीही हाच बिल्ला लागतो.

मोटारसायकलवर पाय बांधून आडवा टाकलेला बोकड किंवा हँडलला उलट्या लटकवलेल्या कोंबड्या हे दृश्य रोजचं असलं, तरी तो क्रूरतेचा गुन्हा आहे. शिवाय असं आणलेलं जनावर धास्तावतं, मटण काळपट पडतं आणि लवकर खराब होतं. खाली पेंढा टाकून जनावर उभं राहील अशा गाडीतून आणा.

3. पाळताना

गावात चार-पाच शेळ्या आणि थोड्या कोंबड्या पाळायला वेगळा परवाना लागत नाही. महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत नियम वेगळे असतात, डुकरांच्या बाबतीत तर फारच कडक, म्हणून तिथं आधी कार्यालयात विचारून घ्या. शेळी दुसऱ्याच्या तुरीत शिरली, तर 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्याने ती कोंडवाड्यात जाऊ शकते. या कायद्यात शेळ्या-मेंढ्या आणि डुकरंही येतात.

पाळण्यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे औषधांचा काळ. टेट्रासायक्लिनचं (प्रतिजैविकाचं) इंजेक्शन दिलेला किंवा जंताचं औषध पाजलेला बोकड आठवड्यात कापला, तर ते औषध आपल्याच ताटात येतं. किती दिवस मटण खायचं नाही ते बाटलीच्या लेबलवर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल, तर औषध नियमांप्रमाणे मटणासाठी किमान 28 दिवस आणि दूध-अंड्यांसाठी 7 दिवस धरायचे. कंदुरीची तारीख ठरली की तिथून मागे 28 दिवस मोजा आणि त्यानंतर त्या बोकडाला औषध देऊ नका. द्यायची वेळ आलीच, तर दुसरा बोकड बघा.

4. जागा

शहराच्या हद्दीत घरच्या अंगणात किंवा गच्चीवर जनावर कापता येत नाही. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार पालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच कापावं लागतं. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर या महानगरपालिका आहेतच, पण तालुक्याची नगरपरिषद आणि नगरपंचायतही विसरू नका. गाव काल ग्रामपंचायतीत होतं आणि आज नगरपंचायतीत आलं, तर नियमही बदलले. बकरी ईदला पालिका तात्पुरत्या जागा जाहीर करतात, त्या वापरा.

ग्रामपंचायत हद्दीत आपल्या शेतात किंवा वाड्याच्या आत कापता येतं. रस्ता, शाळा, देऊळ, मशीद, पाणवठा यांच्या नजरेत नको. मंदिराजवळ किंवा दर्ग्याजवळ कंदुरी असेल, तर तिथल्या व्यवस्थापनाने ठरवून दिलेली जागाच घ्या. धार्मिक रीतीने जनावर मारण्याला 1960 च्या कायद्याचं कलम 28 संरक्षण देतं, पण त्या संरक्षणात उघड्यावर घाण करणं बसत नाही.

5. आदल्या दिवशी

गाभण शेळी, तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असलेली शेळी आणि तीन महिन्यांपेक्षा लहान करडू कापायला 2001 च्या नियमांनी मनाई आहे. गाभण आहे की नाही याची शंका असेल तर कापू नका; शेळी पाच महिन्यांत विते, थांबलं तर कळेलच. याच नियमांत जनावर कापण्यास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही सांगितला आहे. गावातल्या दवाखान्यात सकाळी बोकड नेऊन दाखवा.

ताप, नाकातून शेंबूड, हगवण, तोंडात फोड असलेलं जनावर घेऊ नका. आदल्या रात्री चारा बंद करा, पाणी मात्र शेवटपर्यंत द्या. पोट भरलेलं असेल तर आतडं फाटून मटण खराब होतं. पाणी नसेल तर रक्त नीट वाहत नाही आणि कातडं सोलताना चिकटतं.

मेलेलं जनावर कधीच कापू नका. एकाएकी मेलं आणि नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलं, तर तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो. असं शव उघडलं की जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि कापणाऱ्याच्या हाताला काळपुळी होते. कोवळी ज्वारी खाऊन पडलेल्या शेळीचंही मटण करू नका. कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर 2009 च्या पशुरोग कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीला किंवा दवाखान्याला कळवणं मालकाचं कर्तव्य आहे. 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवरही फोन करता येतो. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आणि जानेवारी 2025 मध्ये उदगीरला बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी घाईने कापून खाणं किंवा पाहुण्यांना देणं हा सर्वांत धोक्याचा मार्ग.

6. कापताना

दुसऱ्या जनावरांसमोर कापू नका, हा नियमही आहे आणि माणुसकीही. सुरी धारदार हवी, घाव एकच. सवय नसेल तर गावच्या मुलाण्याला किंवा खाटकाला बोलवा. नवशिक्याच्या हातून जनावर तडफडतं आणि तिथंच कायदा मोडतो. मागच्या पायांना टांगून रक्त पूर्ण वाहू द्या, मगच सोलायला घ्या. पित्ताची पिशवी काळजापासून (यकृतापासून) हलक्या हाताने कापून वेगळी करा. फुटली तर जिथं पित्त लागेल तिथलं मटण कडू होतं.

आतले अवयव नीट पाहा. काळजात पांढरे ठिपके, चपटे जंत किंवा पाण्याचे फोड दिसले तर तो भाग खाऊ नका. डुकराच्या मांसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर सगळं मांस पुरून टाका. 30 किलोच्या उस्मानाबादी बोकडाचं मटण 13 ते 15 किलो पडतं. हिशोब आधी केला तर उन्हाळ्यात उरलेलं मटण खराब होत नाही.

7. वाटे

अडचण बहुतेक वेळा इथं येते. चार घरांनी आधी पैसे गोळा करून एक बोकड घेतला आणि वाटे घातले, तर तो चौघांचा बोकड आहे. स्वतःचा बोकड कापून मग किलोच्या भावाने वाटे विकले, तर तो अन्नव्यवसाय झाला. मग 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. दिवसाला 10 लहान जनावरं किंवा 50 कोंबड्यांपर्यंत साधी नोंदणी पुरते. ती अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर वर्षाला 100 रुपयांत होते. सणाला एकदाच विकलं म्हणून सूट नाही. धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात जेवण वाटणाराही नोंदणीच्या व्याख्येत येतो, म्हणून शेकडो पानांची कंदुरी असेल तर आचारी नोंदणी असलेलाच बघा. वाटे घालायचेच असतील, तर बोकड घेतानाच्या पावतीवर चारही नावं लिहा.

8. उरलेलं

रक्त, वजडीतली घाण, शिंगं, खूर ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. सार्वजनिक पाणी घाण करणं भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. विहिरीपासून किमान 100 फूट दूर, उंचावर, तीन फूट खोल खड्डा घ्या. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या पावसात सगळं खाली झिरपतं, म्हणून मुरमाची जागा बरी. दोन-तीन किलो चुना टाका, माती दाबा, वर दगड ठेवा. पाण्याचे फोड असलेलं काळीज आणि फुप्फुस कुत्र्यांना टाकू नका: कुत्र्याच्या पोटात त्याचा जंत होतो, विष्ठेतून अंडी अंगणात पडतात आणि तिथून शेळ्यांच्या आणि पोरांच्या पोटात जातात. ते जाळून टाका किंवा खड्ड्यात सर्वांत खाली पुरा.