एक ‘झटका’, चार अर्थ: हृदय आणि मज्जासंस्थेचे विकार शिकताना या चुका टाळा

हृदय आणि मज्जासंस्था यांच्या विकारांची तोंडओळख करून घेणाऱ्याची पहिली अडचण शरीरशास्त्राची नसून भाषेची असते. ‘त्यांना झटका आला’ हे वाक्य आपल्याकडे हृदयविकाराबद्दल, अर्धांगवायूबद्दल, फेफऱ्याबद्दल आणि विजेच्या धक्क्याबद्दलही बोलले जाते, आणि ऐकणारा आपापल्या अनुभवाप्रमाणे त्याचा अर्थ लावून मोकळा होतो. घरगुती रुग्णसेवेचे प्राथमिक वर्ग घेताना मला आढळलेल्या बहुतेक चुकांचे मूळ अशाच एखाद्या रोजच्या शब्दात सापडले.

‘हार्ट अटॅक’, ‘हार्ट बंद पडणे’ आणि ‘हार्ट फेल’

हे तिन्ही एकच समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीमुळे अचानक बंद होते आणि त्या भागातील स्नायू मरू लागतो. या वेळी रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, घामाघूम झालेला असतो, पण बोलत असतो. हृदय बंद पडते, म्हणजे कार्डियाक अरेस्ट होतो, तेव्हा बिघाड हृदयाच्या विद्युत्प्रवाहात असतो: हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालू नाही, एवढे दिसताच नाडी शोधत न बसता छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करायची असते. हार्ट अटॅकमुळे हृदय बंद पडू शकते हे खरे, परंतु कारण आणि परिणाम यांना एकच नाव दिले की उपचारही एकच वाटू लागतो.

तिसरा शब्द तर नातेवाइकांना उगाच रडवतो. ‘हार्ट फेल होऊन गेले’ असे आपण मृत्यूबद्दल म्हणत आल्यामुळे केस पेपरवर ‘हार्ट फेल्युअर’ दिसले की घरात रडारड सुरू होते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाली आहे एवढाच असतो. आडवे झाल्यावर दम लागणे, पावलांना सूज येणे, दोन दिवसांत वजन वाढणे ही त्याची लक्षणे औषधे आणि मिठावरचे नियंत्रण यांनी अनेक वर्षे आटोक्यात ठेवता येतात.

‘गॅस झाला असेल’

हृदयाचा खालचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकलेला असतो, त्यामुळे त्या भागातील अटॅकचे दुखणे थेट पोटाच्या वरच्या टोकाला जाणवू शकते, मळमळ होते, ढेकरही येतात. म्हणून ढेकर आल्यावर बरे वाटले याचा अर्थ गॅसच होता असा होत नाही. मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो, आणि स्त्रियांमध्ये कधी कधी दम लागणे आणि कमालीचा थकवा एवढेच दिसते. याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे पहिला ईसीजी नॉर्मल आला की रुग्णाला घरी नेणे. सुरुवातीच्या काळात ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढते, पण त्याला काही तास लागतात, आणि म्हणूनच डॉक्टर ती तपासणी थोड्या तासांनी पुन्हा करतात. ते बिल वाढवण्यासाठी आहे असे समजून भांडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत.

‘अंगावरून वारे गेले’

या शब्दप्रयोगात वारे आहे म्हणून उपायही तेलाचे मालीश आणि शेक हाच सुचतो, आणि मोलाचे तास घरातच जातात. अर्धांगवायूचे कारण हातापायांत नसून मेंदूत असते. सुमारे 85 टक्के रुग्णांमध्ये मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते, तर उरलेल्यांमध्ये ती फुटून रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. फरक सीटी स्कॅनमध्येच कळतो. त्यामुळे ‘अटॅक आला की ॲस्पिरिन’ हा हृदयापुरता उपयोगी नियम येथे लावणे धोक्याचे आहे, कारण रक्तस्राव असल्यास ती गोळी तो वाढवू शकते. गिळण्याची क्रियाही बिघडलेली असू शकते, म्हणून पाणीसुद्धा पाजू नये.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हे तास कोठून मोजायचे, यात विद्यार्थी हमखास चुकतात. ‘सकाळी सहाला उठले तेव्हा हात हलत नव्हता’ असे सांगितले की ते सहापासून मोजतात. मोजायचे असते ते रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला त्या क्षणापासून, म्हणजे येथे आदल्या रात्रीपासून. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली म्हणून निश्चिंत राहणेही तितकेच चुकीचे, कारण मोठ्या अर्धांगवायूचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

तोंड वाकडे झालेला प्रत्येक रुग्ण मात्र अर्धांगवायूचा नसतो. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी, मेंदूतून बाहेर येणारी चेता (मज्जातंतू) सुजली तरी असेच दिसते. रुग्णाला भुवया वर करायला सांगून कपाळ पाहावे. मेंदूतील बिघाडात कपाळाला सहसा दोन्ही बाजूंना आठ्या पडतात, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा येतात. चेताच बिघडली असेल तर त्या बाजूचे कपाळ गुळगुळीत राहते आणि डोळाही मिटत नाही. ही खूण शिकण्यासाठी आहे, घरी निदान करून थांबण्यासाठी नाही.

‘नस’ म्हणजे नेमके काय?

‘नस दबली’ म्हणताना आपल्याला चेता म्हणायची असते, ‘नस ब्लॉक झाली’ म्हणताना रक्तवाहिनी, आणि ‘नस सापडत नाही’ असे सलाईन लावणारी सिस्टर म्हणते तेव्हा नीला. परिणामी पायाला मुंग्या येतात म्हणून अँजिओग्राफीची चौकशी करणारे लोक भेटतात; त्यांनी आधी रक्तातील साखर आणि बी-12 तपासायला हवे असते. रोहिणी म्हणजे शुद्ध रक्ताची, ही शाळेतली व्याख्याही सोडून द्यावी. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, आणि फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी ऑक्सिजन कमी असलेलेच रक्त नेते.

नाडीचे पूर्ण मिनिट

प्रत्येक ठोक्याची आज्ञा मेंदू देतो, असे अनेकांना वाटते. हृदयाची लय हृदयातच तयार होते. चेता फक्त ती कमी-जास्त करतात. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी 1967 मध्ये केपटाऊनला पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले, तेव्हा चेता तुटलेले ते हृदय नव्या छातीत चालले ते यामुळेच.

ही लय बिघडली तर मात्र फटका मेंदूला बसतो. एका विद्यार्थिनीने आजींची नाडी 15 सेकंद मोजली, चाराने गुणले आणि वहीत 76 लिहिले. मी बोट ठेवले तेव्हा दोन ठोके लागोपाठ, मग लांब विराम, मग तीन घाईचे, असा प्रकार होता. आकडा नॉर्मल होता, लय नव्हती. अशा अनियमित नाडीत हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊन अडकू शकते. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची ती म्हणून.

फेफऱ्याबद्दल थोडक्यात: कांदा, चप्पल, दातांत चमचा, हातपाय दाबून धरणे हे सर्व बंद करावे. कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, आणि झटके पाच मिनिटांहून अधिक चालले तर रुग्णालय गाठावे.

108 ला फोन करतानाही ‘झटका’ हा शब्द टाळावा. ‘बाबा नऊ वाजता नीट बोलत होते, साडेनऊला उजवा हात लुळा पडला, त्यांचे बोलणे आम्हाला कळत नाही, मधुमेह आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे’ एवढे सांगितले, तर सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय कोणते, हा प्रश्न गाडी निघण्यापूर्वीच विचारला जातो.