घरात मृत्यू झाला, मूल बालवाडीत परतलं : बाईंनो, या चुका टाळा

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि 'तिथं तरी रमेल' म्हणून मुलाला बालवाडीत पाठवतात. पाठवावंच. रोजची प्रार्थना, डबा, ओळखीच्या बाई यांचा चार वर्षांच्या जिवाला मोठा आधार असतो. पण त्याआधी घरी फोन करून विचारा : मुलाला काय सांगितलंय, आणि आता न्यायला कोण येणार? हे न विचारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घरी एक आणि शाळेत दुसरंच ऐकलं की मूल गोंधळतं.

'आजोबा झोपलेत' म्हणू नका; मूल झोपायला घाबरतं. 'गावाला गेलेत' म्हटलं तर वाट बघत बसतं. या वयात मरण कायमचं असतं हे उमगलेलं नसतं. 'आजोबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत' असं सरळ सांगा. घरच्यांनी 'देवाघरी गेले' सांगितलं असेल तर ते खोडू नका, फक्त 'परत येणार नाहीत' हे जोडा. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा तेच उत्तर द्या. 'तू हट्ट केलास म्हणून झालं नाही' हेही सांगा, कारण मुलं मनातल्या मनात दोष स्वतःकडे घेतात आणि बोलत नाहीत.

आत्ता रडलं, पाच मिनिटांत घसरगुंडीवर हसतंय, म्हणून 'याला काही कळत नाही' असा निष्कर्ष नको. लहान मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यांनी येतं. बाहुलीला आडवं ठेवून फुलं वाहत असेल तर थांबवू नका, जवळ बसा. चड्डी ओली झाली तर रागवू नका. कपड्यांचा जादा जोड ठेवा. 'शहाणा ना तू, आईला त्रास नाही द्यायचा' हे तर अजिबात नको.

खरी कसोटी शाळा सुटताना. आजोबा रोज स्कूटरवरून न्यायला येत असतील तर मूल फाटकाकडेच बघत राहतं. त्या वेळी एकच ठरलेल्या बाई किंवा मावशी त्याच्याजवळ असू द्या.

काही आठवडे उलटूनही खाणं, झोप, खेळणं सावरत नसेल किंवा 'मलापण आजोबांकडे जायचंय' असं सारखं म्हणत असेल, तर पालकांना बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

तेराव्यानंतर विषय संपला असं धरू नका. वर्षश्राद्धाची तारीख, आजी-आजोबा दिन नोंदवहीत लिहा, आणि जूनमध्ये वर्ग बदलला की नव्या बाईंना सगळं सांगा.